शुक्रवारची खिडकी

हॉटेलमालक हट्टाला पेटले होते. "मॅडम, होमपेज उघडलं की धबधबा पडला पाहिजे. फोटो नको. पडता धबधबा."

मी त्यांना समजावत होते, की एवढा जड व्हिडिओ टाकला तर घाटात कमी रेंज असलेल्या मोबाइलवर वेबसाइट उघडणारच नाही. गिऱ्हाईक तोवर शेजारच्या हॉटेलात खोली घेऊन मोकळं होईल. ते थोडा विचार करून म्हणाले, "मग छोटा धबधबा टाका." एवढ्या वेळात माझ्या पर्समधला फोन सारखा थरथरत होता. क्लायंटसमोर फोन बघायचा नाही हा माझा नियम. शेवटी मालक पाणी प्यायला उठले तेव्हा मी तो बाहेर काढला.

एकच मेसेज पुन्हा पुन्हा आला होता. "ताई, तो पिन काढा. आत्ता काढा."

इथे जरा मागचं सांगायला हवं. मी लोणावळ्यात राहून वेबसाइट बनवते. हॉटेलवाले, बंगलेवाले, चिक्कीवाले हे माझे क्लायंट. त्याशिवाय मराठी वेब डेव्हलपर लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्याची मी मॉडरेटर आहे. मॉडरेटर म्हणजे भांडणं सोडवणारी, शिव्या पुसणारी आणि या कामाचा एक पैसा न घेणारी बाई. ग्रुपात एरवी कोडचे प्रश्न चालतात. पण एक कोपरा असा आहे जिथे कोडचं नाव काढायला बंदी आहे. त्याला आम्ही कट्टा म्हणतो. तिथे मांजरी, मिसळ, पाठदुखी आणि ज्याच्या त्याच्या मॅनेजरचा उद्धार. आमच्यातले बहुतेक जण घरी एकटे बसून काम करतात. दिवसभरात बोलायला माणूस नसतो. ऑफिसच्या कँटीनची तहान ते या कट्ट्यावर भागवतात.

कट्ट्यावर एक प्रथा पडली होती, शुक्रवारची खिडकी. शुक्रवारी चहाच्या वेळी प्रत्येकाने आपल्या खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो टाकायचा. कोणाची समोरची बिल्डिंग, कोणाची वाळत घातलेली चादर. गाव सांगायचं नाही. बस, बघायचं आणि चहा प्यायचा.

मेसेज पाठवणारीचं ग्रुपातलं नाव साळुंकी. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं आणि आम्ही विचारतही नव्हतो. पण कोणाच्या पेजचं लेआउट मोडलं, म्हणजे मोबाइलवर बटण एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे गेला, की साळुंकी येऊन गुपचूप नीट करून द्यायची. तिने कधी खिडकी टाकली नव्हती. त्या शुक्रवारी पहिल्यांदा टाकली. खाली लिहिलं होतं, "आज माझीपण."

फोटोत पत्र्याची पडवी, कापून आडवं घातलेलं भात आणि मागे एक डोंगर होता.

मी हॉटेलमालकाशी धबधब्यावर वाद घालत होते तेवढ्यात कट्ट्यावर काय झालं होतं ते मी आता वरपासून वाचत गेले. 'चिवडा' नावाच्या नागपूरच्या मुलाने सुरुवात केली होती. "थांब, सांगतो ही कुठली खिडकी." मग सगळे तुटून पडले. भात आहे, म्हणजे मावळ, मुळशी किंवा भोर. सावली अशी पडली आहे, म्हणजे खिडकी पूर्वेला. डोंगराच्या पायथ्याला विजेचे मोठे टॉवर आहेत, ती लाइन नकाशावर सापडते. एकाने तर डोंगराच्या माथ्याची रेघ नकाशातल्या उंचीशी जुळवून बघणारा छोटा प्रोग्राम बसल्या बसल्या लिहिला. याच मुलाला मी एक साधा फॉर्म करायला दिला होता, तो तीन आठवडे 'होतोय ताई' होता.

प्रत्येक टप्प्यावर टाळ्या आणि बदाम. मध्ये साळुंकीचा एक मेसेज होता. "प्लीज नको ना." त्यावर हसण्याचे चेहरे चिकटवलेले होते. त्यांना वाटलं, हरली म्हणून लाजतेय.

आणि शेवटी, तासाभरापूर्वी टाकलेला चिवड्याचा लाल पिन. सॅटेलाइटच्या नकाशात बरोब्बर त्या पत्र्यावर रोवलेला. आंदर मावळ, टाकव्याच्या पुढे, एका वाडीतलं शेवटचं घर.

मी पिन काढला, फोटो काढला, सगळी चर्चाच पुसली. मग ग्रुपमधूनच तिला कॉल लावला.

"ताई, मी फोटोतलं लोकेशन काढून टाकलं होतं हो," ती म्हणाली. मोबाइल फोटोच्या पोटात जागा लपवून ठेवतो, ती पुसता येते. तिने ती पुसली होती. डोंगर कसा पुसणार?

"काय झालंय ते नीट सांग."

"मी आणि माझ्या मिस्टरांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलंय. आमची जात वेगळी. भावाने सांगितलंय, सापडलात तर दोघांना जिवंत ठेवणार नाही. आधीचं घर असंच सोडलं. इथे आठ महिने झाले, कोणाला माहीत नव्हतं."

"भावाला या ग्रुपातलं कसं कळेल?"

"तोपण याच लाइनीत आहे, ताई. त्यानेच मला एचटीएमएल शिकवलं. तो ग्रुपात आहे की नाही मला माहीत नाही. असला तर वेगळ्या नावाने असेल."

आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि तिला नव्हती. ग्रुपात काही नवीन पडलं, की ज्यांनी तसं मागितलंय त्यांना लगेच ईमेल जातो. मी ग्रुपातून पिन पुसला, पण तो लोकांच्या मेलबॉक्समध्ये जाऊन बसला होता. डिलीटचं बटण तिथपर्यंत पोचत नाही. गेलेला मेल परत बोलावता येत नाही. हे मी तिला सांगितलं, लपवून उपयोग नव्हता.

"पोलिसांना फोन करू का?" मी विचारलं.

"थांबा," ती एकदम हळू बोलायला लागली. "दाराशी कोणीतरी आलंय. माझं नाव घेतोय. साळुंकी म्हणून."

आणि रेंज गेली.

मी उठले. मालक मागून म्हणाले, "मॅडम, धबधब्याचं काय?" मी म्हटलं, "पडू दे." पार्किंगमधूनच पोलिसांना फोन केला, वाडीचं नाव सांगितलं आणि गाडी काढली. कामशेत गेलं, कान्हे फाट्याला आत वळले, टाकवे मागे पडलं. पुढे माझ्या फोनला नेटवर्क नव्हतं, पण पुसण्याआधी मी तो पिन फोनमध्ये उघडलेला होता. त्याच पिनवरून मी गेले. रस्ता कुठेही चुकला नाही. वाडीत एका माणसाला विचारावं लागलं नाही. गाडी थेट त्या पडवीसमोर उभी राहिली तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

खळ्यात पाच-सहा माणसं कापणी टाकून उभी होती, हातात विळे तसेच. मधोमध एक मुलगा उकिडवा बसवलेला. चष्मा, पाठीला लॅपटॉपची सॅक, मांडीवर बेकरीचा खोका. त्याच्यासमोर एक म्हातारी, पदर खोचून. घरमालकीण हौसामावशी.

"तुमी कोन?" तिने मला विचारलं.

"मी आतल्या मुलीच्या ओळखीची. लोणावळ्याहून आले."

"आन् ह्यो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहून असा फुलला, जसं काही मी त्याचा जामीनच घेऊन आले होते. "ताई! मी ओंकार. ग्रुपवर आहे ना मी. तळेगावला असतो."

"तू इथे काय करतोयस?"

"व्हेरिफाय करायला आलो होतो." तो खरंच तसंच म्हणाला. "चिवड्याने पिन टाकला, पण तो बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? मी टेस्टिंगमध्ये आहे ना. घरापासून जवळच होतं, म्हटलं जाऊन बघू, साळुंकीबरोबर एक सेल्फी घेऊ, खारी देऊ, सरप्राइज." टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम चालतं का ते प्रत्यक्ष करून बघणं. याने ते प्रत्यक्ष करून बघितलं होतं.

"मगाधरनं ह्येच सांगतोय, टेस्टिंगला आलोय," हौसामावशी म्हणाली. "म्या म्हनलं, कशाची टेस्टिंग? लाइटीची का पान्याची? तर म्हनतो, घराची. दार वाजवीत व्हता, खिडकीतनं फोटू काढीत व्हता. पोरगी आत कडी लावून बसलीया. मोबाइल घेतलाय म्या त्येचा."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याचा चेहरा बघून तेही होईना. त्याला अजूनही कळलं नव्हतं. त्याला मी बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. तो खारीचा खोका धरून खाली बसला. "पण ताई, आम्ही तर गंमत करत होतो," एवढंच म्हणाला. मावशीकडून मोबाइल घेऊन त्याने मावशीसमोरच फोटो पुसले.

पोलिसांची गाडी आली, चौकशी झाली, ओंकारचं नाव-पत्ता लिहून घेतला. साहेबांनी साळुंकीला नंबर दिला आणि काही झालं तर फोन करा म्हणाले. ती म्हणाली, "इथली रेंज मध्येच जाते, सर."

साळुंकीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीकशी, केसांत पेन्सिल खोचलेली. तिचा नवरा निरोप मिळताच टाकव्याजवळच्या कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून आला होता. त्याने भिंतीवरची कपड्यांची दोरी सोडायला घेतली आणि ती भांडी पोत्यात भरायला लागली. ही सवय त्यांना आधीच लागलेली होती.

"कुटं जाताय आता?" हौसामावशी दारात आडवी उभी राहिली. "कुनी बी येऊ दे. आमी हाय न्हवं हितं?"

"मावशी, ते आले तर आधी तुमच्या अंगावर जातील."

मावशी माझ्याकडे वळली. "बाई, माज्या घराचा फोटू सगळ्या मुलखात लावला. मला कुनी इचारलं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिच्या घराची मालकीण ती आणि आमच्या ग्रुपात तिला कोणी ओळखतही नव्हतं.

ओंकार सामान उचलायला पुढे झाला. साळुंकी म्हणाली, "नको. तुम्ही हात लावू नका." तो मागे सरला. सामान माझ्या गाडीत बसलं. मी म्हटलं, लोणावळ्यात माझ्या ओळखीचे बंगले आहेत, कुठेही ठेवते. ती म्हणाली, "ताई, फक्त कान्हे स्टेशनपर्यंत सोडा." आणि गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "तुमचा फोन बंद कराल का? राग मानू नका." मी फोन बंद केला.

स्टेशनवर उतरताना मी विचारलं, "कुठे जाणार?" विचारल्याबरोबर जीभ चावली.

"तुम्हालापण नाही सांगणार, ताई," ती म्हणाली. माझा हात तिने हातात घेतला होता. मी त्यांची लोकल येईपर्यंत न थांबता गाडी वळवली. कुठल्या दिशेची गाडी त्यांनी पकडली हे मला कळायला नको होतं.

घरी येऊन फोन चालू केला. साळुंकी ग्रुप सोडून गेली होती. तिचं खातंच नव्हतं. चर्चा का पुसली म्हणून कट्ट्यावर गलका चालू होता. मी नाव-गाव न घेता लिहिलं, की आपल्या खेळामुळे एका मुलीला आज राहतं घर सोडावं लागलं, तिच्या जिवाला धोका आहे आणि तो पिन ज्यांच्या मेलमध्ये आला असेल त्यांनी तो मेहेरबानी करून पुसावा. काहींनी हात जोडले. एकाने लिहिलं, सॉरी.

मग चिवड्याचा मला वेगळा मेसेज आला. "ताई, फार वाईट वाटतंय. खरंच. एकच विचारतो, पिन बरोबर होता ना?"

मुलगा वाईट नाही. उत्तर बरोबर आलं का, एवढंच आम्हाला या धंद्यात विचारायला शिकवलं आहे. मी लिहिलं, "हो." आणि त्याला ग्रुपातून काढलं.