दुसऱ्याच्या हाताची नेक

भांडुपला प्रबुद्धचं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे दोन वर्षं धाकूकाका परबांच्या वाट्याला तुटकं जोडणं आणि निघालेलं चिकटवणंच आलं होतं. त्याआधीची तीस वर्षं मुलुंड ते घाटकोपर लोकांची कपाटं बसवण्यात गेली. आता पहिल्यांदाच त्यांनी एका नव्या गिटारची नेक, म्हणजे तारा दाबायचा तो लांब दांडा, अख्खी हाताने घडवली होती. गिऱ्हाइकाला पसंत पडली, तर पुढच्या सगळ्या नेक त्यांच्याकडे. नाहीतर प्रबुद्ध तयार मागवणार आणि काका पुन्हा कपाटांकडे.

काकांना शंका नव्हतीच. गावी अख्ख्या वाडीच्या कुऱ्हाडींचे दांडे त्यांच्या हातचे. दांडा कसा, मुठीत भरला पाहिजे, घामेजल्या हातातूनही सुटता कामा नये. नेकही तशीच घडवली. त्या गिटारने एखादा फणस आरामात आडवा झाला असता.

गिटार घ्यायला गिऱ्हाईक आलं, शर्मिष्ठा. नाहूरच्या शाळेत संगीत शिकवते, हाडापेराने बारीक. चार कॉर्ड वाजवून तिने हात झटकला.

"काका, अंगठा दुखतोय. आणि हे बोट पोचतच नाहीये."

"नवीन आसा ना. हात बसात हळूहळू."

"हात बसेल हो, पण या नेकचं पोट कधी बसणार?"

प्रबुद्धने मोबाइल काढला. "काका, तयारच मागवतो ना. शनिवारी मॅडमचा कार्यक्रम आहे, वाट लागेल."

काका तिच्या हाताकडे बघत राहिले. अंगठा मागे नुसता टेकलेला, तळवा रिकामा, हात वरखाली सरकतोय. मुठीचा पत्ताच नाही! दोन वर्षांत त्यांनी शेकडो गिटारी पाहिल्या होत्या, वाजवणाऱ्याचा हात एकदाही नाही.

"प्रबुद्धा, फोन ठेव. गो पोरी, बस हंय. अर्धो दीस दी माका."

तारा उतरल्या. पॉलिश अजून चढायचं होतं, तेवढं बरं. नेकच्या आत लोखंडी सळई, तिच्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लाकूड. जास्त घासलं तर सळई बाहेर आणि नेक भंगारात. म्हणून मधला भाग सोडून काका दोन्ही बाजू कानशीने उतरवू लागले. दहा हात मारायचे, नेक तिच्याकडे द्यायची.

"सरकव."

"इथे अडतंय."

तिथे पेन्सिलची खूण. पुन्हा दहा हात.

"आता?"

"अंगठ्याखाली, जरासंच."

मध्येच वनमालाकाकूंचा फोन. "जेवाक येतास, काय थयच ऱ्हवतास?"

"एका पोरीचो हात बघतंय," म्हणून काकांनी फोन ठेवला. घरी गेल्यावर याचा खुलासा करावा लागणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चारच्या सुमारास तारा चढल्या. शर्मिष्ठाने मघाचाच कॉर्ड धरला. बोट पोचलं. तिने एक अख्खी चाल वाजवली, मग तीच पहिल्यापासून.

प्रबुद्धने मोबाइल खिशात टाकला. "झकास, काका! पुढची नेक नितेशची, त्यानेही नवं गिटार सांगितलंय. उद्या लाकूड कापायला घ्या."

"लाकूड मागसून," काका कानस झटकत म्हणाले. "पयलो त्या नितेशाक हंय आणून बसव."