आत्यांचं न वाळणारं सोवळं

"अवं बाप्पा, ओलंच हाये अजून!"

श्रावण लागला की आमच्या अमरावतीच्या गल्लीत ही आरोळी दिवसातून किती वेळा ऐकू यायची, त्याला सुमार नव्हता. ती ठोकणाऱ्या बाई म्हणजे शेजारच्या गुरुजींची थोरली बहीण. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणे. माजघरात उंच दांडीवर भावाचं धोतर वाळत असे, आणि आत्या त्याखाली येरझारा घालत, उलट्या बोटांनी त्याचा लोंबता सोगा चाचपत. माझी खिडकी नेमकी समोर. असं माणूस समोर असल्यावर नजर हटते का? तुम्हीही पाहतच बसला असता.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. अर्ध्या भाकरीवरून उठून दाराची कडी पाहून येत. दूध तापवायला ठेवलं की दुधापेक्षा यांचाच जीव आधी उतू जाई. "एका जागी बसा न जरा," असं म्हटलं तर म्हणत, "बसते न. मेल्यावर बसूनच राहायचं हाये."

गुरुजी भिक्षुकी करत. बायको मागंच वारलेली, मूलबाळ नाही, आणि दम्यानं छाती खिळखिळी झालेली. सोवळ्यात नेसायचा रेशमी कद फाटला होता, म्हणून सगळी भिस्त दोन सुती धोतरांवर. आता सोवळं म्हणजे काय ते आजच्या पोरींना सांगावं लागतं. आंघोळ करून, शुद्ध होऊन ते धोतर धुवायचं, तसंच दांडीवर घालायचं, आणि मग कुणी शिवायचं नाही. जेवणखाण झालेल्या हातानं शिवलात की ते ओवळं झालं. पुन्हा आंघोळ करा, पुन्हा धुवा.

त्या वर्षी पाऊस उघडेना आणि धोतर वाळेना. ओलं धोतर अंगावर, त्यामुळे खोकला आणखी वाढलेला. गल्लीत जो तो वैद्य झाला. कुणी म्हणालं, भिंतीला ओल आहे. कुणी म्हणालं, पिळा नीट बसत नाही. आत्यांनी धोतर पिळून पिळून मनगटं सुजवून घेतली. दांडीखाली शेगडी ठेवली, तर धुरानं गुरुजींना अशी ढास लागली की ती परसात फेकावी लागली.

खरा रोग मला खिडकीतून दिसत होता. दुपारी जेवण झालं की आत्या ओवळ्या. पण जिवाला चैन कुठली? वाळलं का म्हणून हात आपसूक सोग्याकडे जायचा, लागायचा, आणि मग कपाळावर हात मारून बाई पुन्हा आंघोळीला. अर्धंमुर्धं वाळलेलं धोतर पुन्हा बादलीत!

माझी जीभ तिखट. एक दिवस सांगून टाकलं, "आत्या, दोष ना भिंतीचा, ना पिळ्याचा. तुमच्या हाताचा आहे."

"काहून वं मास्तरीणबाई, शाळेत पोरी कमी पडून राहिल्या का तुले, मले शिकवाले आली?" असं म्हणून त्यांनी धाडकन दार लावलं.

पण बाई मनानं खोट्या नव्हत्या. रविवारी जेवण उरकून माझ्या ओट्यावर आल्या. "मले उठू देऊ नको," म्हणाल्या. मी पुढ्यात फुलांची परडी ठेवली, हार करा म्हटलं. ती दुपार मी विसरणार नाही. बाई दोन फुलं ओवत, निम्म्या उठत, मी डोळे वटारले की पुन्हा बसत. संध्याकाळी आंघोळ करून त्यांनी धोतराला हात लावला आणि तिथूनच ओरडल्या, "वाळलं वं, वाळलं!"

ओट्यावर आल्या, पण घरात नाही. मी माळ्याची लेक. माझ्या परसातली फुलं त्यांच्या देवाला चालत, माझ्या हातचं पाणी चालत नसे. याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

पुढच्याच सोमवारी गुरुजी यजमानाकडून भिजत आले आणि आडवे झाले. डॉक्टर म्हणाले, "छाती भरली आहे. घाम आला की कपडा बदला. ओलं अंगावर राहिलं तर माझ्या औषधानं काही होणार नाही."

अंगावरचं धोतर घामानं चिंब, दुसरं दांडीवर ठिबकत होतं. धुरानं खोकला नको म्हणून त्यांच्या घरातली चूल विझवलेली. मी माझ्या नवऱ्याचं कोरडं धोतर नेलं. गुरुजींनी मान फिरवली. महिन्याचं अनुष्ठान धरलं होतं, सोवळ्याशिवाय अंगाला काही लावायचं नाही असा नेम. "नेम मोडून जगू काय?" म्हणाले. एवढं बोलतानाही त्यांना श्वास पुरत नव्हता.

मी चिडून घरी आले, भाकऱ्या टाकायला बसले. तेवढ्यात मागल्या दारानं आत्या आत. हातात ओलं धोतर. माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा.

"आत्या, इथं? माझ्या हातानं चालेल का?"

"तोंड नको चालवू. धर तिकून."

तवा बाजूला सारला. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि मध्ये चुलीचा जाळ. धोतरातून वाफ निघत होती. आत्यांचे पाय जागचे हलले नाहीत. मीही एक शब्द बोलले नाही, आणि माझ्यासारखीच्या मानानं ही मोठीच गोष्ट.

ऊन ऊन धोतर घेऊन आम्ही गेलो. गुरुजींनी डोळे उघडले. "अक्के, सोवळ्यातलं हाये न?"

"सोवळ्यातलंच हाये. मीच वाळवलं. नेस मुकाट्यानं."

ते नेसले. पहाटे ताप उतरला, पोळ्यापर्यंत उठून बसले.

आत्यांनी मात्र देवाचा नैवेद्य करणं सोडलं. भावाला सांगितलं, हात दुखतात. मला खरं सांगितलं, "देवासमोर खोटं बोलली मी. त्याचा नेम मी मोडला. ते पाप माह्याच डोक्यावर राहू दे. त्याच्याजवळ बोलशील तर तुले माही शपथ हाये."

त्यानंतर रोज सकाळी गुरुजी नैवेद्याचा स्वयंपाक करत आणि आत्या माझ्या चुलीपाशी बसून चहा पीत. भिंतीपलीकडं भांडं वाजलं की ताडकन उठत, "करपवून राहिला तो भात!" म्हणत, दारापर्यंत जात आणि परत येऊन बसत. ते परत येऊन बसणं मला बघवत नसे.

काही वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेल्या. तेरावं झाल्यावर गुरुजी माझ्या दारात आले.

"त्या दिवशी धोतराले भाकरीचा वास येत होता," म्हणाले. "आमच्या घरी तर चूल पेटली नव्हती."

मी बसायला पाट पुढं केला, पण ते उभेच राहिले.

"जगावं वाटलं मले, म्हणून नेसलो. मंग तिनं हात दुखतात म्हटलं, तवाच सांगायले पाहिजे होतं, मले ठावं हाये म्हणून. तोंडच उघडलं नाही. अकोल्याले गेलो का हाताले लावायचं तेल तेवढं आणून देत होतो. लावत होती का वं ती?"

"रोज लावायच्या," मी म्हटलं.

त्या साऱ्या बाटल्या आत्यांनी माझ्याच फडताळात आणून ठेवल्या होत्या. एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.