मार्चची जत्रा, एप्रिलचा पाहुणा

हँडबिलं दोरीवर वाळत होती आणि बबनराव म्हणाले, “ताई, जत्रा एक तारखेला.”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींनी चष्मा काढला. “बबनराव, पुनव एकतीस मार्चला आहे.”

“पुनव व्हईल की तिच्या टायमाला. सकाळी पालखी काढू. पण तमाशाचा फड त्या दिशी मोकळा न्हाई. फडाबिगर जत्रा म्हंजी काय, गुरुजी?”

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. बबनराव आण्याच्या पठारावरच्या एका गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. गुरुजी त्याच गावचे, शाळेतून रिटायर झालेले. आमच्याकडे जत्रेच्या हँडबिलाची एक रीत आहे. मजकूर आधी छापायचा आणि तारखेची जागा मोकळी ठेवायची. फड नक्की झाला की रबरी शिक्क्याने तारीख मारायची. तिथी पंचांगात असते, तारीख फडमालकाच्या तोंडात असते.

या वेळी खाली एक जादा ओळ होती, एस्पेरांतो भाषेतली. जगात कोणालाही शिकायला सोपी जावी म्हणून एका माणसाने ही भाषा मुद्दाम बनवली. गुरुजी ती पोस्टाने शिकले. त्यांचा पोलंडमधला पत्रमित्र, पोस्टातून रिटायर झालेला एक कारकून, भारत बघायला येणार होता आणि त्यातला एक दिवस, गुरुजींनी कळवलेला एकतीस मार्च, गावच्या जत्रेला देणार होता. असा मित्र आहे यावर गावाचा विश्वास नव्हता. “गुरुजी सोताच सोताला पत्रं लिवत्यात,” असं बबनराव माझ्याच दुकानात बसून म्हणाले होते. पाहुणा आला नसता तर गुरुजींना पारावर बसणं अवघड झालं असतं.

ओळ लावताना गुरुजींनी मला एस्पेरांतोतली तारीख शिकवली. la 31-a de marto. म्हणजे मार्चचा एकतिसावा. आधी la, मग आकडा, आकड्याला -a ची शेपटी, मग de, मग महिना, तोही लहान अक्षरात. इंग्रजीत आकड्यागणिक शेपटी बदलते. मराठीत पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. इथे एक असो की एकतीस, शेपटी तीच. मला ही सोय फार पसंत पडली. आकड्याची जागा मोकळी ठेवली की काम झालं.

“महिना पण मोकळा ठेवू का?” मी विचारलं होतं.

“पौर्णिमा मार्चमधून जाईल कुठे?” गुरुजी म्हणाले. बोलणं बिनतोड होतं. मी marto छापलं.

आता पौर्णिमा मार्चमध्येच राहिली आणि जत्रा एप्रिलमध्ये गेली. सगळी हँडबिलं नव्याने छापायला वेळ नव्हता. मी marto वर आडवी रेघ मारली, शेजारी aprilo चा शिक्का मारला आणि मोकळ्या जागेत एकचा आकडा भरला. गुरुजींनी त्यातलं एक हँडबिल एसटीडी बूथवरून पोलंडला फॅक्स केलं.

चार दिवसांनी ते उतरलेल्या चेहऱ्याने दुकानात आले. “तो हसतोय,” म्हणाले.

“कशाला?”

“महिना खोडून वर एक एप्रिल! त्यांच्याकडेही त्या दिवशी लोकांना फसवतात. लिहितो, चेष्टा आवडली, मी एकतीसलाच येतो. एकला सकाळी परत निघणार.”

बबनराव खुर्चीत बसले होते. “म्हंजी पावणं जत्रंत दिसायचंच न्हाईत. सोयीचं झालं राव तुमचं.”

मी म्हणाले, “बबनराव, कमिटीचा गोल शिक्का आहे का खिशात?”

“तो कायम असतोय.”

“मग मारा इथे. खोडलंय तिथेच. खाली सही करा.”

“अहो, त्याला मराठी कुठे वाचता येतं?” गुरुजी म्हणाले.

“वाचायला कोण सांगतंय? माणूस पोस्टातला आहे ना?”

बबनरावांनी शिक्क्यावर हाऽ करून वाफ सोडली, जीभ दातात धरली आणि रेघेच्या बरोबर मधोमध शिक्का उमटवला. शाई कुठे पसरली नाही. फॅक्स पुन्हा गेला. उत्तर एका ओळीचं आलं: la 1-a de aprilo, येतो.

आणि आला. उंच, लालबुंद, एसटीतून उतरला तेव्हा अंगभर धूळ. बबनरावांनी स्वतः त्याला फेटा बांधला आणि तमाशाला पुढच्या रांगेत बसवलं. गावाने त्या दिवशी गुरुजींना एवढं बोलायला लावलं की त्यांचा घसा बसला. पाहुण्याने शेरणीचा, म्हणजे नवसाच्या प्रसादाचा, गूळ दोनदा मागून घेतला.

“इचारा की राव त्यांला,” बबनराव म्हणाले, “इश्वास कशानं बसला?”

गुरुजींनी विचारलं, ऐकलं, आणि मराठीत सांगितलं, “म्हणतो, चेष्टा कोणत्याही भाषेत करता येते. पण इतका नीट शिक्का मारणारा माणूस चेष्टा करत नसतो.”

बबनरावांचा हात आपोआप खिशावर गेला. त्यानंतर पत्रांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुनव एकतीसलाच झाली. पालखीला पुजारी, गुरुजी आणि गावातल्या काही म्हाताऱ्या होत्या. तेव्हापासून जत्रेचं हँडबिल असलं की मी महिन्याचीही जागा मोकळी ठेवते, भाषा कोणतीही असो.