पाण्याखालच्या वावराचा पट्टा

आमचं वावर वर्षातले सात-आठ महिने पाण्याखाली असायचं. हिंगणीजवळ धरण झालं तेव्हा ते बुडालं. मोबदला सासऱ्यांनी घेतला आणि वावर सरकारचं झालं. पण हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरू लागलं की वावराचा वरचा तुकडा उघडा पडे, काळा आणि लोण्यासारखा मऊ. असे गाळाचे तुकडे सरकार एका हंगामापुरते पट्ट्यानं देई. माझे यजमान दरवर्षी अर्ज करून आपल्याच वावराचा पट्टा घेत. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि थोडा हरभरा निघे, माल सेलूच्या बाजारात जाई. दुसरी जमीन आम्हाला नव्हती.

वरच्या उतारावर पाटबंधारे खात्यानं एक दगड पुरला होता, त्यावर तांबडी रेघ. धरण पूर्ण भरलं की पाणी तिथवर येणार. निंदताना मान वर केली की ती रेघ डोक्याच्या हातभर वर दिसे. आम्ही पाण्याच्या तळाशी बसून काम करतो आहोत, हे मला तिथं कधी विसरता आलं नाही. यजमान त्या दगडावर सदरा वाळत घालत.

मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात नीट वाचता येणारी मी एकटी. यजमानांना सहीपुरतं येई. सरकारी कागद आला की ते माझ्यासमोर उकिडवे बसत आणि म्हणत, "वाच मास्तरीणबाई, काय म्हन्ते सरकार?" मी सांगेन तेच त्यांच्या लेखी कागदात असे.

पट्ट्यावर मुदत छापलेली होती, जूनअखेर. पण कागद हातात देताना ऑफिसातला बाबू दरसाल एकच वाक्य बोले, "पानी येईपर्यंत खा, मंग उठा." गावानं लक्षात ठेवलं ते हेच वाक्य. छापलेली मुदत मला माहीत होती. मी ती कधी बोलले नाही, कारण जून सरला की पंधरा-वीस दिवसांत पाणी येईच, आणि सगळे उठत.

बहात्तर साली पाणी आलं नाही. आमचं सगळं वावर उघडं पडलं, खालच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार शेवटच्या बांधापर्यंत. लग्नाआधी बुडालेलं ते वावर मी पहिल्यांदा पुरतं पाहिलं. यजमान मला हाताला धरून फिरवत होते. इथं बाभूळ होती, इथं बैल बसायचे. जमिनीला कुजलेल्या शेवाळाचा वास होता आणि पाखरू एकही उतरत नव्हतं.

जुलैत जीप आली. बाबू खाली उतरला.

"मुदत संपली. आटपा आता."

"पानी कुठी हाये, बाबूसाहेब?" यजमान म्हणाले. "तुमीच म्हनले ना, पानी येईपर्यंत. दाखवा मले पानी, मी आत्ता उठतो."

"अबे, थे बोलायची गोष्ट होती."

"मंग आमी आयकलेली गोष्ट हाये."

जीपमधला शिपाईसुद्धा हसला. बाजूचा तुकडा एका म्हाताऱ्या भाजीवाल्याकडे होता, त्याला सगळे बुवा म्हणत. त्यानं मुकाट्यानं आपली वांगी उपटली. जाता जाता यजमानांना म्हणाला, "काऊन तोंडच्या बोलन्यावर धरतं बावा? थे लिहून घेनारे लोक हायेत."

लिहिणारी आमच्याकडेही आहे, असं यजमानांनी त्याला सांगितलं. अर्ज मी लिहिला. त्यात बाबूचं वाक्य घातलं. अर्जदार अशिक्षित आहे आणि पाणी येईपर्यंतच पट्टा आहे असं तो मानत आला, असं घातलं. छापलेल्या मुदतीबद्दल एक शब्द लिहिला नाही. माझं अक्षर वळणदार होतं. तो कागद बराच वेळ माझ्या मांडीवर होता. मग मी त्यांची सही घेतली.

तारखा पडल्या. फाइल वर्ध्याला गेली. एके दिवशी यजमान वर्ध्याहून जिलेबी घेऊन आले. पाय न धुताच आत येऊन म्हणाले, "जितलो!"

"काय झालं?"

"साहेबानं हुकूम देल्ला. जैसे थे! चक्क हिंदीत बोलला, साऱ्यायसमोर. पयले जसं होतं तसं. पयले कोनाचं होतं अवं थे वावर?"

मी कागद वाचला. अंतिम निर्णय होईपर्यंत जैसे थे परिस्थिती ठेवावी, एवढंच त्यात होतं. म्हणजे आज जो जिथं आहे, त्याला निकालापर्यंत हलवू नये. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. "असंच हाये ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो, जैसे थेच लिहिलंय."

यात खोटं काही नव्हतं. मी जिलेबी खाल्ली.

पुढच्या साली धरणाच्या वरच्या डोंगरात पाऊस कमी झाला. पाणी आलं, पण खालच्या धुऱ्याशी थांबलं. यजमानांना ती हुकमाचीच खूण वाटली. हिवाळ्यात त्यांनी संत्र्याची कलमं आणली. वांग्याचं झाड हंगामाचं असतं, संत्र्याला फळ धरायला पाच वर्षं लागतात. पट्ट्याच्या जमिनीत कुणी झाड लावत नाही. लावलं तर ती मालकाची भाषा होते. मी एवढंच म्हटलं, "आणखी एक साल थांबलं असतं तर."

"कायले? हुकूम तूनच वाचला ना?"

कलमं छान धरली. उन्हाळ्यात दोघं मिळून खालच्या डबक्यातून बादल्या आणत होतो. बुवा येऊन उभा राहायचा आणि निघून जायचा. ऑफिसातूनही कुणी आलं नाही. ती जीप आली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या पावसाळ्यात आमच्या गावात सरी बेतानंच पडत होत्या. आठवडाभर तर लख्ख ऊन होतं. तरी धरण भरत होतं. पाणी वरच्या जंगलातून येत होतं, आवाज न करता. यजमान सकाळी पाण्याच्या काठाला तुराटी खोचून येत आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उभी असे. मग नवी खोचत. अशा तुराट्यांची एक ओळ पाण्यात दिसू लागली, एकेक बुडत जाणारी.

"कलमं काढून घेऊ," मी म्हटलं. "मातीच्या गोळ्यासकट निघतील अजून."

"काऊन काढू? जैसे थे पान्यालेबी लागू हाये."

बुवा काठावर होता. तो म्हणाला, "मंग पान्याले नोटीस धाडजो बावा. रजिस्टरनं धाडजो."

यजमान हसले. पण घरी येऊन त्यांनी मला खरंच अर्ज लिहायला सांगितला. निकाल लागेपर्यंत धरणाची दारं उघडून पाणी आमच्या वावराच्या खाली ठेवावं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मी तोही अर्ज लिहिला. त्यातही शुद्धलेखन चुकलं नाही.

उत्तर आलं नाही. पाणी कलमांच्या पहिल्या ओळीत शिरलं, दोन दिवसांनी दुसऱ्या. कलमांचे शेंडे पाण्यावर हिरवे दिसत होते. त्या दुपारी यजमान घरी आले, ट्रंकेतून हुकमाचा कागद काढला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"वाच," म्हणाले. "पुरा वाच. काय लिहिलं हाये थे सांग, मले काय आवडते थे नको सांगू."

मी वाचला. जैसे थेचा अर्थ सांगितला. मग पट्ट्यावरची मुदतही सांगितली, कारण आता मागं ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुले पयल्यापासून माईत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तुम्ही खूश होता, असं काहीतरी मी म्हणाले. ते उठून बाहेर गेले. चार दिवसांनी शेंडेही दिसेनासे झाले.

त्यानंतर घरात कागद आला तर ते माझ्याकडे देत नसत. बाजाराच्या पिशवीत घालून सेलूला नेत, तिथं अर्ज लिहून देणाऱ्याकडून वाचून घेत. मी कधी मागितला नाही. पट्ट्याचा अर्जही त्यांनी पुन्हा केला नाही. हिवाळ्यात पाणी उतरे आणि आमचा तुकडा बुवाचा मुलगा पेरी. यजमान दुसऱ्यांच्या भाजीच्या मळ्यात रोजानं जात.

निकाल ऐंशीनंतर केव्हातरी आला. लिफाफा त्यांनी न फोडताच सेलूला नेला. संध्याकाळी परतले तेव्हा मी न राहवून विचारलं, काय लिहिलंय? ते म्हणाले, "सरकारचं हाये. चाय मांड." मी चहा मांडला.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. निकालाचा कागद मी परवा वाचला. पट्टा त्या जूनअखेरीलाच संपला होता, असं त्यात आहे. त्याखाली लिहिलं आहे, की मुदत ठाऊक नव्हती हे अर्जदाराचं म्हणणं मान्य करता येत नाही. अर्ज शिकलेल्या हाताचा आहे, आणि असा हात ज्या घरात आहे तिथं पट्टा वाचला गेला नसेल हे पटत नाही.

हे सेलूच्या बाजारात कुणीतरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असणार. चार माणसं आजूबाजूला असतीलच. त्या संध्याकाळी चहा पिऊन त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साखर बराबर झाली आज."