टीव्हीवरचे वडील
परवा सोनाराच्या दुकानात ॲसिडचा उग्र वास आला आणि हुपरीतलं आमचं घर आठवलं. एकदा सरकारी वाहिनीवर हस्तकलांच्या माहितीपटांचा आठवडा होता. पैंजण घडवणाऱ्या माझ्या वडिलांना बघायला सगळी गल्ली आमच्याकडं जमली होती. पडद्यावर वडील ॲसिडच्या धुरात हसत काम करत होते. आवाज मात्र नुसत्या बासरीचा. आई म्हणाली, "शूटिंगला दिवसभर खोकत हुता की तुम्ही. खोकला कुठं गेला?" वडील म्हणाले, "काढला त्यांनी. टीव्हीवर कोण खोकतंय व्हय?" सगळे हसले. हसता हसता वडिलांना पुन्हा ढास लागली. आई तेवढी हसली नाही. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो माहितीपट मी मोबाइलवर लावते आणि बासरीखाली त्यांचा खोकला तरी ऐकू येईल म्हणून कान देत बसते.