निअँडरथलांच्या सोयरिकी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते थोरल्या वहिनींचं. त्या नेवाशाकडच्या, पाटपाण्याच्या गावातल्या. आमचं गाव पारनेरच्या माळावरचं. संक्रांत सरली की टँकरची वाट बघणारं. तिथं कोणी मुलगी देत नसे. त्यांच्या वडिलांनी माणसं बघून दिली, तेव्हा त्यांच्या आत्या मांडवातच म्हणाल्या होत्या, पोरगी नवऱ्याला नाही, हंड्याला दिली. वहिनी आल्या आणि माझ्या वाट्याच्या पाण्याच्या खेपा त्यांनी स्वतःकडे घेतल्या, कारण माझी दहावी होती. मग बारावी होती. मग मी नगरला कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिलाच.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या मध्याला, भूगोलाच्या सरांनी मला चर्चासत्रात बोलायला उभं करायचं ठरवलं. विषय होता हवामानातले बदल आणि निअँडरथल मानवाचा शेवट. ऐकायला पुण्याहून एक प्राध्यापक येणार होते. त्यांना माझं बोलणं पटलं तर एम.ए.साठी त्यांच्या विभागाकडे वाट होती. नाही पटलं तर दादाने तालुक्याच्या पतसंस्थेत शब्द टाकून ठेवलाच होता, जूनपासून कारकून.

मी तर झपाटून गेलो होतो. आपल्यासारखीच, तरी आपल्याहून वेगळी माणसं युरोपात किती पिढ्या राहिली, विस्तव जपत आली, जखमी माणसाला सांभाळत आली, आणि तीस-चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. हे भेटेल त्याला सांगावंसं वाटे. एसटीत शेजारच्या पागोटेवाल्या आजोबांना सांगितलं. त्यांनी सुपा गाव येईपर्यंत निमूट ऐकून घेतलं आणि मग जागा बदलली.

चर्चासत्राच्या आधीच्या रविवारी घरी होतो. वहिनी सुपात हुलगे निवडत होत्या. मी पुस्तकातलं निअँडरथलाचं चित्र दाखवलं: जाड भुवया, रुंद नाक. वहिनींनी ते निरखून पाहिलं.

"ह्ये तर तुमचे दादाच. झोपंतून उठल्यावर."

ओसरीवरून दादा म्हणाला की आम्हाला ऐकू येतं.

मग मी सगळं सांगितलं. थंडी त्यांना नवी नव्हती. पण शेवटी शेवटी हवामान लहरी झालं. गारठा यायचा, सरायचा, माणसं सावरेपर्यंत पुन्हा यायचा. जंगलं विरळ झाली, शिकार पांगली, तिच्यामागे माणसंही पांगली. लहान लहान टोळ्या उरल्या, एकमेकींपासून फार लांब. त्यात आपल्यासारखी नवी माणसंही तिकडे येऊन पोचली होती.

वहिनींचं सूप थांबलं. "लांब लांब ऱ्हायली, तर मग त्यांच्यात सोयरिका कशा जुळायच्या?"

मी म्हणालो, माझ्या पुस्तकात तसलं काही नाही.

"आपलंच गाव बघा की. तहानेनं कोन मेलं का हितं? पन पानी न्हाई म्हनून पोरी येत न्हाईत. सून आली न्हाई तरी घर संपतंच की, भावजी."

मी उठून उभाच राहिलो. आमच्या आळीतली कुलूप लागलेली घरं डोळ्यांसमोर आली. त्यातलं एकही माणूस उपाशी मेलं नव्हतं. दोघं भाऊ बिनलग्नाचे म्हातारे व्हायचे, मग एक उरायचा, मग कुलूप. भाकरी खाता खाता मी भाषणाचा शेवट बदलायला घेतला, तशी वहिनींनी वही बाजूला सारली. आधी जेवा म्हणाल्या.

चर्चासत्रात मी थंडी, जंगलं, शिकार इथवर आलो आणि पुण्याच्या सरांनी मध्येच हात वर केला. विचारलं, त्याआधीच्या थंड्या निअँडरथलांनी पचवल्या होत्या, मग याच वेळी का संपले? माझ्या सरांचा चेहरा उतरला. मला मात्र आनंदच झाला, कारण पुढचं पान तेच होतं. मी आमच्या आळीबद्दल बोललो. पांगलेल्या टोळ्यांबद्दल बोललो. मरण नेहमीपेक्षा फार वाढलं नाही, नुसती जन्माला येणारी पोरं थोडी कमी होत गेली, तरी काही पिढ्यांत माणसं संपतील असं म्हणालो. मागच्या बाकांवर हशा झाला. पुण्याचे सर हसले नाहीत. म्हणाले, या दिशेने विचार करणारे आहेत, पण पुरावे अजून अपुरे आहेत. मग विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही, सर. घरी ऐकलं."

शनिवारी घरी जायचंच होतं, पण तोवर दम निघेना. पोस्टातून आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिलं:

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र सावकाश वाचा, अक्षर उड्या मारतंय. पुण्याच्या सरांनी निकाल लागल्यावर येऊन भेट म्हणून सांगितलंय. तुमच्या सोयरिकीच्या प्रश्नावर ते चहा संपेपर्यंत बोलत होते. पुरावे हवेत म्हणाले. ते शोधायला मी जातोय. दादाला पतसंस्थेचं तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही. भाषणात मी सगळं सांगितलं, एक सोडून. आमच्या आळीत आमच्या घराला कुलूप का लागलं नाही, ते तिथं बोलता आलं नसतं. म्हणून इथं लिहितो: तुम्ही आलात.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो. हंडे घराबाहेर काढू नका. पाणी मी आणीन.