जामखेडच्या बाई आणि अमेरिकेतली जीभ

आहारशास्त्र शिकून मी पुण्याहून घरी परतले तेव्हा नगरमध्ये माणसं आजारी असली की डॉक्टरकडे जायची आणि बरी असली की जेवायची. या दोहोंच्या मध्ये पैसे देऊन विचारण्यासारखं काही असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सावेडीतल्या आमच्या घराची पुढची खोली वडिलांनी मला रिकामी करून दिली. दारावर ‘आहार सल्ला केंद्र’ अशी पाटी लावून मी आत वजनकाट्याशेजारी बसून राहिले.

पहिला जो माणूस आला तो मोटारसायकलवरून आला. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून म्हणाला, “म्याडम, गाय जर्सी हाय. दूध लई पातळ येतंय. काय घालू?”

मी म्हटलं, “इथे माणसांच्या आहाराचा सल्ला मिळतो.”

त्याने पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचली. “मान्सांच्या?” तो म्हणाला. “मान्सांना काय सांगायचं त्यात?” त्याच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि महिनाभर बसून राहिल्यावर मलाही नीटसं सांगता आलं नसतं.

माझा मामा मार्केट यार्डाजवळ पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग विकायचा. तो एका रविवारी आला, खोलीभर नजर फिरवली आणि माझा रोग त्याने ओळखला.

“तू सगळ्या जगाला खाऊ घालायला निघालीस, इथंच चुकतंय. माझं बघ. मी मोटार विकत नाही, पाइप विकत नाही. मी फक्त मोटारीच्या आतलं विकतो. पण मोटार जळाली की माणूस सरळ माझ्याच दारात. तू एकच गिऱ्हाईक धर.”

“कुठलं?”

“ज्याला गरज आहे, ज्याच्या खिशात पैसा आहे आणि ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, असं.”

मग आम्ही असं गिऱ्हाईक शोधायला लागलो. आधी लठ्ठ माणसं धरली. पण सावेडीत एकही लठ्ठ माणूस नव्हता, सगळे ‘खात्यापित्या घरचे’ होते. एका काकूंना मी वजन कमी करायचं सुचवलं तर त्या आईकडे जाऊन रडल्या. मग शुगरवाले धरले. ते यायचे, पण सल्ल्यासाठी नाही, तडजोडीसाठी. आमरसाच्या दोन वाट्यांवर अडून बसायचे, मी अर्धीवर, आणि शेवटी एकीवर सौदा पटायचा. मग मामाने लग्न न जमणारी किडकिडीत मुलं सुचवली. त्यांच्या आयांना पोरगा मुलगी बघायच्या दिवसापर्यंत भरलेला हवा होता. लग्न जमलं की पोरगा गायब, नाही जमलं तर दोष माझा.

अशातच जामखेडच्या बाई आल्या. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एस.टी.तून उतरून थेट आल्या होत्या, तरी पातळाला एक चुणी नव्हती. मी आपोआप उभी राहिले.

“बस,” त्या माझ्याच खोलीत मला म्हणाल्या. “माझा मुलगा अमेरिकेत शिकतो. फोनवर विचारलं की ‘जेवलो’ म्हणतो. काय जेवला ते सांगत नाही. मला त्याचा आहार तपासून हवाय.”

“पण बाई, ते तिकडे आणि मी इकडे.”

“त्याचा ई-मेल आहे,” बाई म्हणाल्या. ‘त्याचा वाडा आहे’ म्हणावं अशा सुरात म्हणाल्या.

आमच्या घरापासून चार चौक पलीकडे एका चाचांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टायपिंगला मुलं येईनाशी झाली तेव्हा चाचांनी मशिनं एका बाजूला सारून कॉम्प्युटर मांडले होते आणि बाहेर ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं. त्याच नंबरवर चाचांच्या मेहुणीचा सोलापूरहून फोन यायचा, आणि फोन आला की अमेरिका तुटायची. चाचा आधी मेहुणीशी सविस्तर बोलायचे आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचे, “बेटी, माफ करना. पुन्यांदा लावू.”

मी बाईंच्या मुलाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड, रात्री शेवया, त्याही पाकिटातल्या. बाईंनी ते ऐकून डोळे मिटून घेतले. मी सल्ला लिहायला बसले. तिथे मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. मी लिहिलं, ‘कढी पीत जा.’ त्याने वाचलं, ‘कधी पीत जा.’

त्याचं उत्तर आलं, “कधी?”

मला वाटलं, मुलगा विचारतोय, कढी का? मी लिहिलं, “हो, कढी.”

तो म्हणाला, “पण कधी? आणि काय?”

मी लिहिलं, “ताकाची. कढी रोज.”

एकेका उत्तराला एकेक दिवस जात होता. बाई दर वेळी जामखेडहून यायच्या, प्रवासाबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. कढीचा निकाल लागेपर्यंत पंधरवडा गेला. मग बाईंनी स्वतःच हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं सुचवलं आणि त्याची कृती माझ्याकडून टाइप करून घेतली. हुलगे त्यांनी पार्सलने आधीच धाडले होते.

पण बाईंचं समाधान होईना. “लिहायला काय, माणूस काहीही लिहितो,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत दर वर्षी मुलींच्या जिभा बघायचे. जीभ खोटं बोलत नाही. त्याला सांग, जीभ पाठव.”

मी समजावून पाहिलं की जिभेवरून तेवढं काही कळत नाही. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाइप करायला लागले.

मुलगाही बिचारा आज्ञाधारक. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. युनिव्हर्सिटीत कागदाची नक्कल उतरवून घेणारं स्कॅनर नावाचं काचेचं यंत्र होतं. त्याने त्या काचेवर जीभ टेकवली आणि बटण दाबलं. हे त्यानेच नंतर लिहिलं, आणि तिथल्या बाईने दोनदा पाण्याचा ग्लास आणून दिला हेही.

जीभ नगरला पोचायला फार वेळ लागला. ती पडद्यावर वरून खाली एकेका पट्टीने उतरत होती. शेजारी नोकरीचे अर्ज करायला आलेली मंडळी आपली कामं सोडून मागे येऊन उभी राहिली. निम्मी जीभ उतरली आणि सोलापूरहून मेहुणीचा फोन आला. चाचांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगितलं, “बाद में कर, इथं जीभ येऊन राहिलीय.”

पुन्हा लावून शेवटी अख्खी जीभ आली. चपटी, करडी, काचेला चिकटलेली. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“ही त्याची नाही,” त्या म्हणाल्या.

“बाई, त्यानेच पाठवलीय.”

“मी त्याला नऊ महिने पोटात वाढवलंय. ही त्याची जीभ नाही. त्याला म्हणावं, स्वतःची पाठव.”

मी तसं कळवलं. उत्तर आलं, ‘ताई, जीभ माझीच आहे. आईला सांगा, माझ्याकडे दुसरी नाही.’ बाई ढिम्म. आम्ही पुन्हा मागवली. चार दिवसांनी दुसरी जीभ आली. ही रुंद, गुबगुबीत, टोकाशी गोल. ती पूर्ण उतरायच्या आतच बाईंचा चेहरा निवळला.

“हां. ही त्याची. बघ, कढी लागू पडलीय.”

मागच्या मंडळींनीही माना डोलावल्या. चाचांनी चहा मागवला. जिभेखाली मुलाचा मजकूर होता. बाई म्हणाल्या, “मोठ्याने वाच.” मीही उत्साहात वाचायला लागले आणि वाचता वाचता मला कळत गेलं की हे मोठ्याने वाचायचं नव्हतं. मुलाने लिहिलं होतं, ‘ताई, फक्त तुम्हाला सांगतो. मला पुन्हा त्या यंत्राजवळ जाऊ देत नाहीत. ही जीभ माझ्या खोलीतल्या मित्राची आहे. तो गुंटूरकडचा आहे. आईला कृपया सांगू नका.’

चाचांनी उगीचच पंख्याचं बटण खालीवर केलं. बाई पडद्यावरच्या त्या परक्या जिभेकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या उठून जातील आणि माझं एकुलतं एक गिऱ्हाईक जामखेडच्या एस.टी.त बसेल.

“त्या मुलाची आई काय करते?” बाईंनी विचारलं.

मी तेही लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती गावी मिरचीची शेती बघते आणि तिच्या गावात इंटरनेट नाही.

“म्हणजे त्याची जीभ बघायला कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “मग दोघांचाही आहार तूच बघ. फी मी दोघांची देईन.”

मामाला हे सांगितलं तर तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “हेच! हेच गिऱ्हाईक! आईला गरज, आईकडे पैसा, आणि मुलगा सात समुद्रापलीकडे.” दुसऱ्याच दिवशी त्याने नवी पाटी आणली. ‘परदेशस्थ मुलांचा आहार, ई-मेलद्वारा.’

पाटीने काम केलं. सावेडीतूनच किती मुलं परदेशात गेली आहेत ते मला तेव्हा कळलं. आया चाचांकडे रांगेत बसायच्या. कॅलरी, प्रथिनं यांत कुणालाच रस नव्हता. “माझं नाव न घेता त्याला रागाव,” असं एकजण म्हणायची. “तो कुणाबरोबर जेवतो ते काढून घे,” असं दुसरी. मी ब्रेडबद्दलच्या सल्ल्याखाली ते हळूच घालायचे. मुलं मात्र इमानदारीने उत्तरं द्यायची, बहुधा मला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात बाईंचा मुलगा सुट्टीवर आला आणि त्याच्याबरोबर गुंटूरवालाही. बाई दोघांना घेऊन माझ्या खोलीत आल्या. इतके महिने ज्यांना मी जेवू घातलं त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. बाईंचा मुलगा वाळक्या काडीसारखा होता. त्याच्या मागून आत आलेल्या मित्राने दार पूर्ण भरलं.

“तू माडगं केलंस ना?” मी मुलाला विचारलं.

तो पायाकडे बघत म्हणाला, “मला स्वयंपाक येत नाही, ताई. मी सगळं याला इंग्रजीत वाचून दाखवायचो. करायचा तोच.”

“आणि खायचं कोण?”

मित्राने, मराठी समजत नसूनही, हात वर केला.

बाईंनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. मग मित्राच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “चला, एकाला तरी लागलंय.” त्याला जाताना द्यायला हुलग्याची पिशवी त्यांनी आदल्या दिवशीच शिवून ठेवली होती. ते जामखेडला निघाले तेव्हा स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात मित्र मधे बसला, बाई एका कडेला आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या कडेला, निम्मा बाहेर.